उसातलं जपानी गाणं

शीतल, भांडण अर्धं टाकून उठायची तुझी खोड जुनीच. मी तोंड सोडलं की तू मान हलवत भाकरी थापत बसायचीस आणि मी आपली भिंतीशी बोलल्यासारखी बोलत राहायचे. पण हे भांडण मीठमिरचीचं नव्हतं बाई. तुझं ते जपानी गाणं वाघाला हुसकावतं का बोलावतं, यावर आपलं जुंपलं होतं. तू म्हणायचीस, "ताई, त्याला माझं गाणं कळतं." मी म्हणायचे, "कळतं म्हणूनच मला भ्या वाटतं." मग तुला ताप आला, आणि तू गेलीस. थोरल्या जावेला असं तोंडघशी पाडून कुणी जातं का?

आता त्या भांडणाचा निकाल लागलाय. तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही, म्हणून बसलेय.

तू शिनोलीची. भीमाशंकरच्या रस्त्याला तुझं माहेर, त्यामुळं जनावरांचं भय तुला आमच्यापेक्षा कमीच. निमगाव सावाला आमच्या घरात आलीस तेव्हा इथला सपाट ऊस बघून म्हणाली होतीस, "हितं तर वाघ पाव्हण्यावानी ऱ्हात असतील." आपल्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. मला तेव्हाच वाटलं होतं, ही पोरगी जरा उलट्या डोक्याची आहे.

गाण्यांचं खूळ मात्र तुझ्या लेकीपायी, तनूपायी आलं. तनू जेवायची नाही, म्हणून तू तिला टीव्हीवर पोरांची जपानी कार्टून लावून द्यायचीस. पोरगी जेवून उठून जायची, तू खरकटा हात घेऊन तिथंच. पुढं तनू मोठी झाली, तिनं नाद सोडला, तुझा वाढला. "कार्टून न्हाई ताई, ॲनिमे म्हणायचं," असं मला शिकवायचीस. आधी ती हिंदीत बोलायची. मग तुला मोबाईलवर मूळची जपानीतली सापडली आणि घरात असा गलका सुरू झाला की आल्यागेल्याला वाटावं आमच्या घरात भांडण चाललंय. त्यातही तुला हसायचीच लागत. "रडायला मालिका हायेत की," म्हणायचीस. आणि खरं सांगू का, गोष्टसुद्धा तुला फारशी नको असायची. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक गाणं आणि शेवटी एक गाणं. तू मधली गोष्ट पळवायचीस आणि गाणं तेवढं परत परत लावायचीस. जेवणात कुणी नुसता पापड खावा तसलं ते.

सगळ्यात लाडकं होतं भुतांच्या खानावळीचं. एक बावळट पोरगी खानावळ चालवते, रोज जेवायला येणारी सगळी गिऱ्हाइकं मेलेली आहेत, आणि हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक. काय बाई तरी विषय! पण गाणं? आधी उलथनं कढईवर आपटतं, मग शिट्टी, मग चार टाळ्या, आणि मग एक बाई जी सुटते ती श्वासच घेत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले होते, "गाणं हाय का भांडी घासायची मशीन?" तू म्हणालीस, "थांबा, संध्याकाळपातूर तुमच्याबी तोंडात बसतं का न्हाई बघा." आणि मेलं बसलं की. म्हैस पिळताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. सत्यनारायणाच्या आरतीला माझ्याकडून त्या चार टाळ्या भलत्याच ठिकाणी वाजल्या आणि गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. तू मागं पदर तोंडात कोंबून हसत होतीस. मी तुला चिमटा काढला, तर आणखीच खिदळलीस.

एकदा तनूनं मोबाईलवर त्या गाण्याचा अर्थ काढून दिला. आपल्याला वाटलेलं, काहीतरी मोठं असेल. तर काय, "आज आमटीत मीठ जास्त झालं, असू दे, उद्यापण या." तू इतकी खूश झालीस. "म्हंजी आपल्यासारखंच की वो!" मी म्हणाले, "बघ, बोलावतंयच ते. उसातल्या वाघालाबी." तिथून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही.

कारण गाणं नुसतं घरात नव्हतं. आपल्याकडं उसात शिरायचं म्हणजे मोबाईलवर गाणं लावायचं, मोठ्यानं. जनावराला कळावं की माणूस येतंय, बाजूला हो. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली तेव्हापासून सगळं गाव वाजत चालतं. उसात माणूस दिसत नाही, गाणं चालत येतं. भजन आलं की शेजारचे तात्या, लावणी आली की त्यांचा थोरला. अभंग म्हणजे मी. आणि कढईवर उलथनं वाजलं की मी आत जाऊन चहा टाकायचे. तू कमरेला तो पिवळा स्पीकर बांधून, घामानं थबथबलेली, बांधावर येऊन उभी राहायचीस.

मग तो दिवस. तू पाण्याची दारं धरून पुढं आलेलीस, मी मागून खुरपं घेऊन येत होते. वाट ओली होती. तुझ्या चपलांचे ठसे, आणि त्यांच्यावर त्याचे. शेजारी नाही गं, वर. तुझ्या पावलात पाऊल घालून तो पाण्याच्या मोटारीच्या खोलीपासून पार बांधावरच्या चिंचेपर्यंत आला होता. घरी येऊन मी तुझ्यावर आग पाखडली, आणि तू शांतपणे चहा ओतत म्हणालीस, "मागनं चालतोय ना? चालू द्या. म्होरनं आला असता तर?"

"अगं, रोज तेच ते गाणं नको लावू. जनावर सरावतं. मांजर न्हाई का आपली कुकरच्या शिट्टीला उठत?"

"आन् गाणं बदललं तर त्याला परत सगळं नव्यानं समजवायचं का?"

हे तू अगदी सहज बोललीस. जणू शेजारणीविषयी बोलत होतीस.

दवाखान्यात तापानं तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. डोळे मिटलेले, आणि बोटं पलंगाच्या लोखंडावर वाजत होती. सारखं तेच, चार वेळा, थांबून परत चार वेळा. मी तुझा हात धरला, म्हणाले, "बरी हो आदी. मग भांडू." तू हसलीस असं मला वाटलं. ते हसणं होतं का नुसते ओठ ओढले गेले, कोण सांगणार? मी आपलं हसणंच धरून बसलेय.

दहाव्याला नदीवर सगळं गाव लोटलं होतं. पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसलेला, पण खाली येईना. लोक लागले तुला शब्द द्यायला. संजूभाऊजी, तुझा नवरा, कधी चार माणसांत बोलायचा नाही, तो हात जोडून म्हणाला, "तनूला शिकवीन. दुसरं लगीन करनार न्हाई." कावळा ढिम्म. मी पुढं झाले, म्हणाले, "आता भांडनार न्हाई, ये बाई." त्यानं सरळ पाठच फिरवली. ऊन चढलं. प्रवचनाला आलेले महाराज घड्याळ बघायला लागले. तेव्हा तनूनं तुझा मोबाईल काढला आणि तेच गाणं लावलं.

शीतल, त्या नदीच्या काठावर, केस उतरवलेल्या माणसांत, कढईवर उलथनं वाजलं. शिट्टी वाजली. आणि कावळा दगड पडावा तसा खाली आला. गाण्यातल्या त्या चार टाळ्या आल्या तेव्हा माझ्या पाठीमागं कुणीतरी खरोखरच्या टाळ्या वाजवल्या. मी वळून बघितलं, तर सगळ्या बायका हात जोडून गप उभ्या होत्या. मी कुणाला विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

झालं. गावानं ठरवून टाकलं, तिचा जीव गाण्यात अडकला होता, पोरीनं गाणं बंद करू नये. संजूभाऊजीनं तुझा मोबाईल आणि तो पिवळा स्पीकर तनूच्या हातात दिला. तो बिचारा टोमॅटोची पिकअप घेऊन नारायणगावच्या बाजारात गेला की पोरीला घर खायला उठायचं. शाळेतून आली की ती मोटार बंद करायला उसात जायला लागली. मला हे आधी ठाऊकच नव्हतं.

मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. दुपार कलली होती, वारा पडलेला. आणि उसातनं कढईवर उलथनं वाजलं. मी उठले, आत गेले, आणि चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढले. साखर टाकताना माझ्या ध्यानात आलं, तू तर आता नाहीस. बाहेर गाणं जवळ येत होतं. तुझ्याच चालीनं, तसंच चिंचेपाशी जरा थांबून. मी दाराला धरून उभी राहिले.

उसातनं तनू बाहेर आली. शाळेचा ड्रेस, तुझी ओढणी, कमरेला स्पीकर. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात तिच्या मागं उसाचे शेंडे हलताना दिसले. वारा नव्हता गं. शेंडे हलत हलत बांधापर्यंत आले. पोरीनं गाणं बंद केलं आणि शेंडे थांबले.

दुसऱ्या दिवशी तनू शाळेत असताना मी मोबाईल घेतला आणि एकटीच गेले. लोक म्हणतील, म्हातारीला काय झालंय. पण तो निकाल मलाच लावायचा होता. तुझं गाणं लावलं, खोलीपासून निघाले. दहाबारा पावलं गेले नसेन, डाव्या हाताला उसाचं वाळकं पाचट वाजलं. मी गाणं थांबवलं. पाचट थांबलं. लावलं, की परत सुरू. माझ्या चालीनं चालत होता तो, ना पुढं ना मागं. मी पळाले नाही. पळालं की संपलं, एवढं आपल्या सगळ्यांना कळतं. मग मी माझा अभंग लावला, पार मोठ्या आवाजात. आणि ऊस असा फाटला! एका दमात तो कुठल्या कुठं गेला. माझ्या गाण्याला तो भ्याला, सगळ्यांच्या गाण्याला भ्यायचा. तुझ्याच गाण्याला नाही.

म्हणजे तू बरोबर होतीस. त्याला तुझं गाणं कळत होतं. आणि मीही बरोबर होते. कारण गाण्याखाली कोण आहे, तू का तनू का मी, हे त्याला कुठं कळत होतं?

संध्याकाळी संजूभाऊजीला सांगितलं. तो पिकअपच्या मागच्या फाळक्यावर बसला आणि हातातली दोरी गुंडाळायला लागला.

"वहिनी, कावळा शिवला त्या गाण्याला. आता बंद कसं करायचं?"

"कावळ्याच्या बापाचं काय जातंय? पोरगी आपली जाईल."

"त्यानं शीतलला कधी काय केलं न्हाई."

"तिला न्हाई केलं. ही ती न्हाई, भाऊजी. हिची उंची बघा."

तो रडला. दहाव्यालाही रडला नव्हता, तो तिथं फाळक्यावर बसून रडला. मला त्याचा राग आला होता, तो सगळा विरघळला.

गाणं बंद केलं. मला वाटलं, सुटलो. तर गाणं येईना म्हणून तो गाणं शोधत आला. सकाळी अंगणात ठसे, चुलीपाशी ठसे, तनू निजते त्या खिडकीखाली बसल्याची खूण. काही फोडलं नाही, शेरडाला हात लावला नाही. नुसता बसून गेला होता. गावात पिंजऱ्याची बोलणी सुरू झाली. मग मी तनूला जवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं पोर घाबरेल.

"मला ठावं हाय, मोठी आई," ती म्हणाली. "आईनंच सांगितलं व्हतं. तुला सांगू नको म्हणाली, तू वरडशील."

"काय सांगितलं व्हतं?"

"त्यो संगं येतो म्हणून. मागं बघायचं नाय, बघितलं की लाजतो म्हणायची."

अशी बाई जन्मात बघितली नाही. आणि मग तुझी लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मोठी आई, त्याला कुणी सांगितलंच न्हाई ना, आई गेली म्हणून?"

तेव्हाच ठरवलं, पिंजरा नको, पण ह्याला ह्या वाटेवरनं काढायचं. आणि ते एकाच तऱ्हेनं होणार होतं. त्याला ज्या गाण्याची ओढ होती, त्याचंच भ्या घालायचं.

दिवस मावळायच्या आत आम्ही ट्रॅक्टर घेऊन उसापाशी गेलो. भाऊजीकडं सुतळी बॉम्बची पिशवी, माझ्याकडं पितळी ताट आणि पळी. तनू वर, मोबाईल आणि तो पिवळा स्पीकर घेऊन. तिला आणायचं नव्हतं, पण ऐकेना. म्हणाली, "गाणं मी लावनार. दुसऱ्या कुणी न्हाई." तिनं लावलं. कढईवर उलथनं, शिट्टी. शेंडे हलले. आले, आले, आणि पहिल्यांदाच मला तो पुरता दिसला. बांधावर येऊन उभा राहिला, बारीकसाच, पोट आत गेलेला. आमच्याकडं नव्हता बघत. त्या पिवळ्या डब्याकडं बघत होता. चार टाळ्या आल्या आणि मी म्हणाले, "लावा, भाऊजी."

बॉम्ब फुटले. मी ताट बडवलं, बडवलं, माझा हात माझा राहिला नाही. तो दचकून मागं सरला, आणि परत आला. परत आला गं! आवाजाच्या आतलं ते गाणं धरून त्याला यायचं होतं. भाऊजीनं आणखी लावले. धुरात काही दिसेना, ती जपानी बाई आपली श्वास न घेता गातच होती, आणि मी ट्रॅक्टरवर उभी राहून घसा फाटेपर्यंत ओरडत होते, "जा! जा इथनं! परत यायचं न्हाई! इथं तुझं कुनी न्हाई!" तनूनं दोन्ही कान दाबून धरले होते. गाणं मात्र तिनं बंद केलं नाही. ते त्याच्या त्याच्यानं संपलं.

त्यानंतर ठसे नाहीत. तनू आता माझा अभंग लावून जाते आणि सोबत भाऊजी असतो. घर अजून हसतं झालेलं नाही, पण पोरगी जेवते, अभ्यासाला बसते. घरात कुणी ती गाणी लावत नाही. माझ्या तोंडात मात्र येतात, म्हैस पिळताना येतात, आणि मी दात आवळून गप बसते. तुझ्यामुळं मला या वयात हसायला शिकायला मिळालं, हे तुला कधी सांगितलं नाही. भांडणाच्या भानगडीत राहूनच गेलं.

काल मी एकटी गेले होते. खात्री करायला, दुसरं काही नाही, असं मनाशी म्हणत गेले. मोटारीच्या खोलीपाशी तुझं गाणं लावलं आणि वाट चालून आले. एक पान हललं नाही. पाचट वाजलं नाही. मागं वळून बघितलं, कुणी नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी चिंचेखाली मटकन बसले, कारण तेव्हा मला पहिल्यांदा ते सुचलं. बॉम्ब लावले त्या संध्याकाळी त्या गाण्याला तो एकटाच आला होता का?

शीतल, मी ओरडले ते त्याला. तू तिथं असलीस, आणि ऐकलं असलंस, तर तुझ्या पाया पडते, ते मनावर घेऊ नको. तुला नव्हतं गं ते. तुझं इथं सगळं आहे.